खाड्यातला मका

मी विळा घेऊन वावरात शिरले, ती मामांनी लावलेली धाटं कापून टाकायलाच.

दुसऱ्या दिवशी शेतीशाळेच्या पल्लवीताई शेजारच्या गावच्या बायकांना घेऊन माझा मका बघायला येणार होत्या. माझा एक एकर एका उंचीचा, हिरवागार, ओळीत उभा होता. आणि त्यात मधेमधे हे भलतंच काहीतरी. देठ तांबूस, पान अरुंद, उंची माझ्या मक्याच्या खांद्याला जेमतेम. नव्या लुगड्याला जुन्या चिंधीची ठिगळं लावावीत तसं दिसत होतं. पहिल्या धाटाला हात घातला, तोच मागून आवाज आला.

"राहू दे ते."

मामा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभे होते. मामा म्हणजे माझे सासरे, कडुबा. आत्याबाई, माझ्या सासूबाई, जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. त्या गेल्यापासून मामा दिवसभर वावरातच असायचे, आणि तोंडातून जे काही चार शब्द निघायचे ते बैलांच्या वाट्याला जायचे. 

"मामा, उद्या माणसं येणारेत बघायला," मी म्हणाले. "हे मिसळीचं बी दिसतंय. कुठून आणलं होतं तुम्ही?"

"होतं घरात."

"घरात? मला तर कधी दिसलं नाही."

"झाडच हाये ते. कुणाचं काय खाऊन राह्यलं?"

एवढं बोलून ते बैलांकडं निघून गेले. मी विळा घेऊन तशीच उभी राहिले. कापलं नाही. लग्न होऊन आल्यापासून मामांनी मला कशाला नको म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. हे पहिलंच.

तो एकर मामांनीच मला दिला होता. आमचं वावर तीन एकर, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला, मुरमाड. पाऊस मनासारखा झाला तर मका, नाही तर नुसता चारा. आदल्या साली लष्करी अळीनं मक्याचे पोंगे खाऊन चाळणी करून ठेवले होते. त्याच्या आदल्या साली पावसानं ऐन तुऱ्यात दगा दिला. मग भास्कर, माझे मालक, वाळूजला कंपनीत लागले. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. उन्हाळ्यात एकदा जेवताना त्यांनी विषय काढला.

"मी खोली बघून ठेवलीय. आपल्या ईश्वरीला शाळा जवळ आहे, नळाला रोज पाणी आहे. या साली मका हाताला लागला तर ठीक. नाही तर दिवाळीनंतर सगळेच चला. वावर बटईनं देऊन टाकू. आबा, तुम्हीपण."

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, मान हलवली. 'हो' म्हणून की नुसतीच, कळलं नाही. जेवण झाल्यावर गोठ्यात जाऊन बसले.

खरं सांगायचं तर मला शहराचं वावडं नव्हतं. नळाच्या पाण्याचं कोणत्या बाईला वाईट वाटेल? पण त्या खोलीत मामा कुठं बसतील, सकाळी उठून कुणाकडं बघतील, हे काही केल्या माझ्या डोळ्यांपुढं येत नव्हतं. 

त्याच उन्हाळ्यात गावात बायकांची शेतीशाळा सुरू झाली. दर बुधवारी मारुतीच्या पारावर आम्ही जमायचो. पल्लवीताई बी.एस्सी. ॲग्री झालेली पोरगी, पण आमच्यात मांडी घालून बसायची. रुंद वाफे कसे काढायचे, दोन वाफ्यांमधल्या सरीत पडलेलं पाणी कसं मुरतं, मक्यात तुरीची ओळ का टाकायची, म्हणजे एक गेलं तर दुसरं हाताशी राहतं, असं सगळं काठीनं मातीत रेघा ओढून दाखवायची. मी घरी येऊन मामांना विचारलं, "एक एकर माझ्या हातानं करून बघू?"

ते बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "वरचं घे. तिथं पाणी थांबत न्हाई, पण वारं चांगलं लागतं."

वाफे काढायला बैल त्यांनीच धरले. मका मी एकेक दाणा मातीत खुपसून टोबला, मधे तुरीची ओळ टाकली. उगवण बघून वाटलं, जमलं. आणि आठवड्यातच रानडुकरं शिरली. ओळीच्या ओळी उकरल्या. आमच्याकडं अशा रिकाम्या पडलेल्या जागेला खाडा म्हणतात. वावरभर खाडे. पिशवीतलं बी संपलेलं, दुकानात त्या वाणाचं मिळेना. तेवढ्यात माझ्या भावाच्या पोराचं बारसं निघालं. चार दिवस माहेरी राहून परत आले तर सगळे खाडे भरलेले. मामांनी एकट्यानं एकेका जागी वाकून दाणे टोबले होते. मला बरं वाटलं, आणि पुढं ती तांबूस धाटं वर आल्यावर तितकंच वाईटही वाटलं. 

पल्लवीताई आल्या, बायका आल्या, तांबूस धाटांकडं बघून एकदोघी हसल्या. "सासऱ्यांनी भरलेत खाडे," एवढंच मी म्हणाले.

त्यानंतर पाऊस गेला.

कमी झाला नाही, गेलाच. श्रावणात ऊन चैतासारखं पडायला लागलं. ढग यायचे, डोंगरावर टेकायचे आणि तसेच पलीकडं उतरून जायचे. खालच्या दोन एकरांतला मका सकाळी दहालाच पानं गुंडाळून घ्यायचा. माझा दुपारपर्यंत तग धरायचा, कारण सऱ्यांत मुरलेलं पाणी मुळांना थोडंफार मिळत होतं आणि वर मी वाळका पालापाचोळा अंथरला होता. मामा रोज एकदा माझ्या वावरात यायचे, पाला सारून मातीत बोट खुपसायचे, आणि निघून जायचे. 

मक्याला तुरे आले. पण खाली कणीस धरेना. तुरे उन्हात तापून वाळले, तरी कणसाच्या टोकाला केस काही फुटेनात. 

भास्करांचा फोन आला. "खोलीवाला विचारतोय. हो सांगू का?"

"पोळा होऊ द्या," मी म्हणाले.

"वैजंता, आशा लावून बसू नको गं."

"नाही बसत. पण पोळा होऊ द्या."

पोळ्याच्या आदल्या दिवशी पाऊस आला. दोन दिवस चांगला पडला. आणि मग, माझा विश्वास बसेना, एकेका कणसातून केस बाहेर यायला लागले. ओले, रेशमासारखे, फिकट पिवळे. मी फोटो काढून पल्लवीताईंना पाठवले. मला वाटलं, शाबासकी देतील. त्यांचा लगेच फोन आला.

"वैजंताताई, केस छान आलेत. पण वर तुरे कसे आहेत?"

"तुरे तर वाळले कधीच."

त्या म्हणाल्या, "ताई, कणसाचा एकेक केस म्हणजे एकेक दाणा. तुऱ्यातली पिवळी भुकटी त्या केसाला लागली तर दाणा धरतो. नाही लागली तर कणीस होतं, पण आत नुसता बिनदाण्याचा बुरखुंडा. पाऊस ताणला की असं होतं. तुरा आधी येऊन जातो, केस मागून येतात. दोघांची गाठच पडत नाही."

"मग आता?"

"आजूबाजूला कुणाचा उशिरा पेरलेला मका आहे का? हिरवा, ताजा तुरा असलेला?"

मी फोन कानाला धरून वावराकडं बघितलं. सगळीकडं वाळके, करडे तुरे. आणि त्यांच्यातून डोकं वर काढलेली ती तांबूस धाटं. माझ्या मक्याच्या खांद्याला लागणारी ती धाटं पाऊस पडल्यावर वाढून त्याच्या वर गेली होती. प्रत्येकाला मोठा, झुपकेदार, ताजा तुरा. तुऱ्यांवर मधमाश्या घोंघावत होत्या.

"आहे," मी म्हणाले. "माझ्याच वावरात आहे."

मी पळतच मामांकडं गेले. ते ओढ्याच्या काठाला बसले होते. रोज दुपारी तिकडंच असायचे. मी धापा टाकत सगळं सांगितलं. केस, भुकटी, एकेक दाणा. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी ह्याची भुकटी तुझ्या मक्याला चालती?"

"चालते म्हणाल्या ताई. वाऱ्यानं थोडी जाईलच, पण आपण हातानं लावली तर जास्त कणसं भरतील. रोज सकाळी, दव वाळल्यावर."

मामा उठले. धोतराला लागलेली माती झटकली. 

"परात घे घरून," म्हणाले. "मोठी."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं रोज सकाळी वावरात. मामा उंच. ते तांबूस धाट हळूच वाकवायचे, तुरा परातीवर आणायचे आणि टिचकी मारायचे. पिवळी भुकटी हळदीसारखी परातीत पडायची. मग मी पुढं, कापसाचा बोळा भुकटीत बुडवून एकेका कणसाच्या केसांवरून फिरवायची. बाळाला पावडर लावतात तशी. ऊन चढलं की भुकटी निकामी होते, म्हणून घाई. ओळ संपली की पुढची ओळ.

"वाकवताना मोडू देऊ नका, मामा."

"मला शिकवती का?" ते म्हणाले. पण आवाजात राग नव्हता. जरा वेळानं स्वतःच म्हणाले, "त्या कोपऱ्यातलं कणीस ऱ्हायलं बघ तुझं. त्यालाबी लाव. ते काय सवतीचं हाय?"

मी वळून बघितलं. मामा हे असं बोलतात, हे मी विसरूनच गेले होते. 

आमच्या धुऱ्याला लागून धुरपताबाईंचं वावर. त्या तीन दिवस कंबरेवर हात ठेवून आमच्याकडं बघत होत्या. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"काय वो कडुबाभाऊ, मक्याचं लगीन लावून राह्यले काय सूनसासरे?"

मला वाटलं, मामा आता मान खाली घालतील. त्यांनी तुऱ्याला टिचकी मारली आणि म्हणाले, "व्हय. अक्षता घेऊन ये."

धुरपताबाई अशा हसल्या की धुऱ्यावरचे होले उडाले. माझ्या हातातली परात पडता पडता राहिली. हसू ओसरल्यावर त्या धुरा ओलांडून आल्या, सगळं विचारून घेतलं, आणि मग आपल्या वावराकडं वळून बघितलं. त्यांच्याही वावरात नुसतेच केस आले होते.

"माझ्या वावरात न्हाई असलं एकबी झाड," त्या म्हणाल्या.

मामांनी माझ्याकडं बघितलं. वावर माझं, म्हणून विचारत होते. मी मान हलवली. मग त्यांनी धुऱ्याकडच्या धाटांचे भुकटीनं भरलेले तुरे खुडले आणि जुडी बांधून धुरपताबाईंच्या ओच्यात टाकली. दिवाळीच्या फराळाचं ताट द्यावं तसं दोन्ही हातांनी.

ताईंनी एक युक्ती सांगून ठेवली होती. काही दिवसांनी एखादं कणीस सोलून उभं धरायचं आणि हलवायचं. ज्या केसाखाली दाणा धरला, तो केस सुटून पडतो. नसेल धरला तर तसाच चिकटून राहतो. मामांनी कणीस सोललं, हलवलं. केसांचा गुंता अलगद सुटून त्यांच्या पायावर पडला. टोकाला थोडे चिकटून राहिले, बस्स. त्यांनी ते नागडं, पांढरं कणीस मला दिलं. मी पदरानं डोळे पुसले आणि कापसाचा बोळा घेऊन पुढच्या ओळीत शिरले.

भादव्यात पितृपक्ष आला. नवरा मागं ठेवून गेलेल्या बाईचं जेवण आमच्याकडं अविधवा नवमीला घालतात. आत्याबाईंचं जेवण दर साली मीच करते. नैवेद्याला नव्या मक्याचं काहीतरी करावं म्हणून सकाळी माझ्या वावरातून पाचसहा कणसं खुडून आणली आणि चुलीपुढं बसून सोलायला घेतली.

पहिलंच कणीस सोललं. दाणे भरलेले होते, पिवळे होते, पण त्यांच्यात मधेमधे काळपट जांभळे दाणे. दुसरं सोललं, त्यातही तेच. तिसऱ्यात तर अर्धे. मला वाटलं, एवढं करून शेवटी रोग पडला. मामा ओसरीवर बसले होते. कणीस घेऊन त्यांच्याकडं गेले.

"मामा, बघा ना. कीड लागली की काय? आतूनच काळं आलंय."

त्यांनी कणीस हातात घेतलं. उजेडाकडं धरलं. एका जांभळ्या दाण्यावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्यावरून. बराच वेळ. त्यांची मान खाली होती, म्हणून मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

"कीड न्हाई, बाई," ते म्हणाले. "हे तुझ्या आत्याबाईचे दाणे."

मला कळलं नाही. मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

"लग्नात तिच्या मायनं ओटीत घातला होता हा मका. डोंगरातला. कणीस सगळं जांभळं असतं. ओढ्याच्या काठाला लावायची ती दर साली, थोडासा. मी म्हणायचो, कशाला गं, याला बाजारात कुणी इचारत न्हाई. तर म्हणायची, मी कुठं इकून राह्यले? नुसतं बी मोडू नये." मामांनी कणीस मांडीवर ठेवलं. "ती गेली तवा वाटलं, बी तर मोडू नये. मग मीच लावतो ओढ्याला. आठ-दहा धाटं."

मी आठ वर्षं या घरात होते. ओढ्याकडचा तुकडा झाडीच्या पलीकडं, तिकडं मी फारशी जात नसे. मामा दुपारभर तिथं काय करतात, हे विचारावं असंही मला कधी वाटलं नव्हतं.

"मग माझ्या वावरात का लावला, मामा?"

"खाडे पडले होते ना." जणू हे काय विचारायचं असं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तिला वावरात खाडा दिसला की जेवण जायचं न्हाई. असलं ते बी घेऊन निघायची, पण जागा रिकामी ठेवायची न्हाई. तू माहेरी गेली होती. येऊन बघशील, नाराज होशील. घरात तेवढंच बी होतं. टोबून टाकलं."

"सगळं?"

"सगळं."

मी विळा घेऊन गेले होते तो दिवस मला आठवला. त्यांनाही आठवला असावा. आत चुलीवर भात करपत होता. मी उठून आत गेले. त्या दिवशीच्या नैवेद्यात जांभळ्या दाण्यांची उसळ केली. मामांनी ती मागून घेतली, दोनदा.

मका खुडायच्या वेळी भास्कर सुट्टी काढून आले. गावात बहुतेकांची कणसं दात पडलेल्या म्हातारीसारखी निघाली होती. आमच्या खालच्या दोन एकरांतही तसंच. वरचा एकर मात्र भरला होता, सगळाच नाही, पण भरला होता. धुरपताबाईंचेही काही वाफे भरले. आणि तूर तर अजून फुलातच होती. भास्करांनी ढिगातलं एक कणीस उचललं, सोललं आणि हातात धरून उभेच राहिले.

"हा तर आईचा मका," ते म्हणाले. "लहानपणी निखाऱ्यावर भाजून द्यायची. आबा, हा अजून आहे?"

"हाये थोडा," मामा म्हणाले.

व्यापाऱ्यानं रंगीत दाण्यावरून कुरकूर केली, पण त्या साली मका होताच कुणाकडं? घेऊन गेला. भास्कर सोमवारी पहाटे निघताना चपला घालत मला म्हणाले, "खोलीवाल्याला नाही सांगून टाकतो." मामा गोठ्यात होते. त्यांना ऐकू गेलं असणार, कारण शेण भरता भरता त्यांचं टोपलं जरा वेळ थांबलं.

या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली. त्या तांबूस धाटांच्या कणसांचं बी राखून तो जांभळा मका पुढच्या पावसाळ्यात आम्ही मुद्दाम लावला. वाऱ्याच्या बाजूला चार ओळी, बाकीच्या मक्यापेक्षा उशिरा. पाऊस वेळेवर आला तर त्यांची गरज पडत नाही. ताणला, तर त्यांचा तुरा कामाला येतो. शेतीशाळेतल्या बायकांनीही बी मागून नेलं. बियासाठीचा मका मात्र, मिसळ होऊ नये म्हणून, मामा वेगळा, ओढ्यालाच करतात.

पहिल्यांदा बी वाटलं तो बुधवार मला लख्ख आठवतो. पल्लवीताईंनी मामांना पारावर बोलावलं होतं. सगळ्या बायकांत एकटे गडी. डोक्याला धुतलेला फेटा, मांडीवर बियाची पिशवी. ताईंनी सगळ्यांना सगळं समजावून सांगितलं आणि मग मामांकडं वळून विचारलं, "बाबा, या वाणाला तुमच्यात काय नाव आहे?"

"नाव? नाव न्हाई काही. मका."

"काहीतरी नाव द्यायला पाहिजे ना. नाही तर या बायका एकमेकींना काय सांगणार, कुठलं बी लावलं म्हणून?"

मामा पिशवीकडं बघत राहिले. बायका थांबल्या. मीही थांबले. आमच्या गावात त्यांच्या वयाचे गडी बायकोला हाक मारतात ती "अगं", "ऐकलं का" नाही तर पोराच्या नावानं. आत्याबाई होत्या तेव्हाही आणि गेल्यावरही मी मामांच्या तोंडून त्यांचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं.

"गया," मामा पुटपुटले.

मागून धुरपताबाई ओरडल्या, "मोठ्यानं सांगा वो भाऊ! इकडं ऐकू न्हाई आलं."

मामांचे कान लाल झाले. त्यांनी फेटा नीट केला, घसा खाकरला, आणि सरळ समोर बघत, शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"गया. गया नाव हाये तिचं."